गुरुजींचा रुमाल

टेकचंद मोटरसायकलवरून उतरला तेव्हा गुरुजींच्या गाडीच्या बॉनेटमधून अजून वाफ येत होती. मोहाडीच्या रस्त्यावर, पळसाच्या सावलीत गाडी उभी होती. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, आधी थांबायचं असतं, असं भैय्याजी गुरुजी नातीला सांगत होते. सातवीतली अपेक्षा हाताची घडी घालून थांबली होती.

मागच्या सीटवर अपेक्षाची आजी, चंद्रभागाबाई होत्या. पाय सुजलेले. अकरा वाजता भंडाऱ्याला त्यांचं डायलिसिस होतं. त्यासाठीच गुरुजींनी आठ दिवसांपूर्वी टेकचंदच्या गॅरेजमधून ही जुनी गाडी घेतली होती. बॉनेट उघडून पाहिलंही नव्हतं. आपल्याच विद्यार्थ्याची गाडी आहे, एवढंच म्हणाले होते.

रेडिएटरला बारीक भोक होतं. गाडी द्यायच्या आदल्या संध्याकाळी टेकचंदने त्यात हळदीचं पाकीट रिकामं केलं होतं. गळती थांबली होती. दोन-तीन महिने निघतील, असं त्याला वाटलं होतं.

पंखा बंद पडला असेल, असं तो आता म्हणाला. गुरुजींनी किल्ली फिरवून अपेक्षाला बघायला लावलं. पंखा फिरत होता. मग त्याने इंजिनच्या पट्ट्याचं नाव घेतलं. अपेक्षाने गाडी बंद झाल्यावर पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. नळी कुठे फुटली नव्हती. तो एकेक कारण पुढे करत होता आणि आजोबा-नात ते शांतपणे खोडत होते. चंद्रभागाबाईंनी किती वाजले ते विचारलं. दहा वाजून गेले होते.

"आता झाकण तेवढं राह्यलं," गुरुजी म्हणाले आणि खिशातला पांढरा रुमाल त्यांनी टेकचंदच्या हातात दिला.

त्याने रुमाल धरून झाकण हळूहळू फिरवलं. फसफसून पाणी वर आलं. रुमाल पिवळा झाला.

"गंज आहे, गुरुजी. जुन्या गाडीत असंच येते."

अपेक्षाने रुमाल घेऊन हुंगला. "आबाजी, याले तर भाजीचा वास येऊन राह्यला."

"नुसत्या वासावरून ठरवायचं नाई. गंज हाय का हळद, कसं ओळखशीन?"

तिने आजीच्या दवाखान्याच्या पिशवीतून साबणाची वडी काढली, बाटलीतल्या पाण्याने ओली केली आणि डागावर घासली.

डाग लाल झाला. गंज असता तर झाला नसता. चंद्रभागाबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं.

हळदीने भोक बुजते, गुरुजी नातीला सांगू लागले, पण आतल्या बारीक नळ्याही बुजतात. मग पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"पण हळद टाकली कोणं?" अपेक्षाने विचारलं.

गुरुजी टेकचंदकडे वळले. "हा हळद-साबणाचा प्रयोग तुले कोणत्या वर्गात शिकवला होता?"

"सातवीत, गुरुजी."

अपेक्षा टेकचंदकडे बघत राहिली.

दुरून काळीपिवळी जीप येताना दिसली. गुरुजींनी हात दाखवला. टेकचंद चंद्रभागाबाईंना आधार द्यायला पुढे झाला, पण त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला होता. सगळ्यांत शेवटी गुरुजी चढले. चढण्याआधी त्यांनी रुमाल त्याच्या हातात दिला.

"धुऊन आणजो."

जीप गेली. गाडीच्या बंपरवर साबणाची वडी तशीच राहिली होती. ती घेऊन टेकचंद रस्त्याकडेच्या नहरावर उतरला. पाण्यात रुमाल खळबळला, तसा लाल डाग पिवळा झाला. त्याने पुन्हा साबण लावला. डाग पुन्हा लाल झाला.