पहिली गाठ

डॉक्टरबाईंनी सलूनवाल्याच्या मुलीला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या तिला. तिच्यामुळेच मी इथवर आलोय."

खरंच होतं ते. दिवसभर गिऱ्हाइकांशी अख्ख्या जगाच्या गप्पा छाटणारा हा माणूस, पण लिंगावरच्या जखमेबद्दल बोलायला त्याची जीभ रेटली नव्हती. कपडे धुताना मुलीलाच रक्ताचे डाग दिसले आणि तिने त्याला हाताला धरून दवाखान्यात आणलं. कॅन्सर निघाला. पुढचा भाग काढावा लागला.

आता त्या काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट बाईंच्या हातात होता. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. रोग बऱ्यापैकी खोल गेला होता. जांघेत हाताला गाठ लागत नव्हती, पण अशा दहा जणांतल्या दोघातिघांच्या बाबतीत, जांघेत सगळ्यांनाच असणाऱ्या बारीक लसिका गाठींत तो गुपचूप शिरलेला असतो, असं त्या म्हणाल्या.

"मग मी त्या दोघातिघांतला की उरलेल्यांतला?"

"आकडा तेवढं सांगत नाही हो. आत बघावं लागेल."

दोन्हीकडच्या सगळ्याच गाठी काढल्या, तर पाय कायमचे सुजण्याची भीती होती, आणि याचा तर धंदाच उभ्याने करायचा. दुसरा मार्ग म्हणजे रोगाच्या मूळ जागी रंग टोचायचा, तो आधी ज्या गाठीत पोचेल तेवढीच प्रत्येक बाजूची काढून तपासायची. रोगही पसरताना आधी तिथेच जातो. मुलीने विचारलं, यात चूक होत नाही का? बाई म्हणाल्या, क्वचित होते, म्हणून पुढे दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला यावंच लागेल.

त्याने रंगाचा मार्ग धरला.

त्या गाठींचा रिपोर्ट आला, त्या दिवशी तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा फिरवताना कधी न थरथरलेले हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

बाईंनी वाचलं. डावीकडची स्वच्छ. उजवीकडचीही स्वच्छ.

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना म्हणाला, आता तो त्यांचं पक्कं गिऱ्हाईक झाला. बाई हसल्या, खाडा चालणार नाही म्हणाल्या.

बाहेर बाकावर त्याच्याच वयाचा एक माणूस एकटा बसला होता. मूतखड्यासाठी आलोय, असं तो शेजारच्या म्हातारबाबांना सांगत होता, मान खाली घालून. म्हातारबाबांना आत बोलावलं गेलं. तरी त्याने मान वर केली नाही.

सलूनवाला दारापर्यंत गेला. मग मुलीला पुढे हो म्हणाला, मागे वळला आणि त्या माणसाशेजारी येऊन बसला.

"मीही सगळ्यांना मूतखडाच सांगत होतो," तो हळूच म्हणाला.