पिवळा दोरा

"मले कावीळ नाही झाली हो, माझं लगन आहे आज!" खाटेवरून चंद्रभान ओरडला.

"पहिल्या दिवशी सगळे असंच काहीतरी म्हणतात," सिस्टर सुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्यापुढं लवकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची, बिनतेलाची भाजी ठेवली.

दवाखान्यांनी गजबजलेल्या धंतोलीतल्या आपल्या दवाखान्यात राउंडला निघालेले डॉक्टर मनोहरराव ठवकर दारातच थबकले. खाटेवरचा पोरगा कपाळापासून तळपायापर्यंत पिवळाजर्द होता, हे खरं. मनगटाला पिवळा दोराही होता. पण त्या दोऱ्यात हळकुंड ओवलेलं होतं आणि खाटेखाली पेशंटच्या चपलांशेजारी बाशिंग नीट मांडून ठेवलं होतं.

"सुमतीबाई, हे काय?"

"तुम्हीच सांगितलं ना डॉक्टर? दोरा पाहायचा, पेशंटचं पुराण ऐकायचं नाही."

सांगितलं होतं. दोऱ्यांची ही अक्कल डॉक्टरांचीच. पिवळा म्हणजे कावीळ, नारिंगी म्हणजे मोडलेलं हाड, निळा म्हणजे दमा. लांबून आलेला माणूस धंतोलीत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी आपलं दुखणं पहिल्यापासून सांगत बसतो. मनगटाला दोरा असला की बघताक्षणी काम होतं. डॉक्टरांनी ही पद्धत अख्ख्या धंतोलीला फुकट देऊन टाकली होती. अटी दोनच. रंगाचा अर्थ बदलायचा नाही, आणि ज्यानं बांधला त्यानं सोडल्याशिवाय पेशंट घरी जायचा नाही. मागं एका दवाखान्यातला पिवळा दोरा संपला, तर त्यांनी "चालते" म्हणून नारिंगी बांधला, आणि पुढच्या दवाखान्यानं त्या काविळीच्या माणसाच्या धडधाकट पायाला प्लास्टर चढवलं. तेव्हापासून अटींच्या बाबतीत डॉक्टर कोणाच्या बापाचं ऐकत नव्हते.

चंद्रभानचा गुन्हा एवढाच, की पारशिवनीहून लग्नाला येताना वाटेत तो आजोबांच्या पाया पडायला आत शिरला. पाय मोडून आजोबा इथंच पडले होते. शेजारची खाट रिकामी दिसली म्हणून तो जरा टेकला. सुमतीबाईंनी लगेच शिपायाला सायकलवर पिटाळलं आणि हा कोणाचा पेशंट म्हणून चौकशी केली. दोन दवाखान्यांनी तर "आमचाच पळालेला" म्हणून निरोपही धाडला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "काहून गा चंद्रभान? तिकडं मुहूर्त टळून राहिला अन् तू इथं लवकी खाऊन राहिला?"

नवरदेवाची आत्या, प्रयागबाई.

"आत्या, हे सोडून नाही राहिले मले!"

डॉक्टरांना सगळं कळलं होतं. पण वॉर्डातल्या झाडून सगळ्या खाटा कान टवकारून बसल्या होत्या. आज आपणच कैची चालवली, तर उद्या धंतोलीत जो तो चालवेल.

"बाई, हा दोरा कोणी बांधला?"

"म्याच बांधला. हळद लावली तवा."

"मग झालं तर! सोडा आणि घेऊन जा त्याला."

प्रयागबाई मागं सरल्या. "मी कशी सोडू? आता नवरीच सोडन. तेबी लगन लागल्यावर. मधात सुटला तं अपशकुन होते."

"अहो, पण दोरा असताना पेशंट घरी जात नाही!"

"अन् दोरा नसला तं नवरदेव मांडवात जात नाही."

"तुमच्यात काही सूट नाही का?"

"तुमच्यात आहे?"

नव्हती.

प्रयागबाई खाटेच्या कडेला टेकल्या. "एक सांगा डॉक्टरसाहेब. पिवळ्या दोऱ्याचा अर्थ कावीळ, हे कोणी ठरवलं?"

"मी ठरवलं."

"आमच्यात तं माह्या आजीच्या आजीपासून पिवळा दोरा म्हणजे नवरदेव. मंग अर्थ बदलला कोणी? तुमी का आमी?"

आजोबा खो खो हसले, मोडका पाय हलला, आणि लगेच कण्हले.

आपलीच अट आपणच मोडली आहे, तीही धंतोलीत सगळ्यांच्या आधी, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. आणि का कोण जाणे, त्यांना हसू यायला लागलं.

"म्हणजे बाई, हा रंग मला वापरायचा तर तुमची परवानगी पाहिजे."

"परवानगी कायची? फुकट आहे. कोणालेबी बांधा. फक्त आमचे नवरदेव कोंडू नका."

"मान्य. सुमतीबाई, याला घरी सोडायचं नाही. दोऱ्यासकट दुसरीकडं पाठवायचं."

"कुठल्या दवाखान्यात?"

"मांडवात."

सुमतीबाई नियमाच्या पक्क्या. काविळीचा पेशंट दुसरीकडं जातो तो स्ट्रेचरवर आडवा होऊन, सोबत सिस्टर घेऊन. चंद्रभान तसाच गेला, छातीवर बाशिंग घेऊन. रुग्णवाहिकेची घंटा मांडवाशी येऊन थांबली, तेव्हा बँडवाल्यांना वाटलं, शहरात अशीच नवी पद्धत असेल. त्यांनी जोरात वाजवायला घेतलं. नवरीचा बाप तेवढा खुर्चीत मटकन बसला.

लग्न लागलं. जेवणं झाली. सुमतीबाई नवरदेवाच्या मागून हलल्या नव्हत्या. शेवटी बायांच्या गराड्यात नवरीनं, देवकीनं, हळकुंडाचा दोरा सोडला. सुमतीबाईंनी हात पुढं करून तो घेतला आणि सवयीनं विचारलं,

"पेशंट बरा आहे ना?"

देवकीनं चंद्रभानकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आताच कसं सांगू बाई? थोडे दिवस ठेवून पाहातो."