ओरखडा

शिशाच्या तिसऱ्या गोळीवरही तोच ओरखडा निघाला. ऑरिनने ती खिडकीशी धरून बोटांत फिरवली. केसाएवढी बारीक, सरळ रेघ, खांद्यापासून बुडापर्यंत.

दोष साच्याचा नव्हता. डायमध्ये घालण्याआधी त्याने हाताला येईल तशा उचललेल्या प्रत्येक गोळीला आपल्याकडच्या बाजूने शाईचा ठिपका दिला होता, आणि तिन्ही वेळा रेघ ठिपक्याच्या डाव्या अंगाला आली होती. म्हणजे डायच्याच पोटात चर पडून त्याची कड वर आली होती. गोळी त्या पोलादी भोकातून दाबून काढली की नेमकी रायफलच्या नळीच्या मापाची व्हायची आणि गोळीवरच्या खाचांत मेणाचं वंगण भरायचं. हे भोक त्याच्या वडिलांनी एक अख्खा हिवाळा घासून त्यांच्या जुन्या रायफलच्या मापाला आणलं होतं. दुसरी डाय करून मागवायची तर सहा आठवडे. जुन्या रायफलींची स्पर्धा शनिवारी होती, आणि आज बुधवार.

त्याने डेल्मरला फोन करून एवढंच सांगितलं की असशील तसा ये.

डेल्मर दोन मैलांवर राहायचा. स्पर्धेसाठी म्हणून त्याने गोळ्या दाबायचा हा प्रेस डायसकट दहा दिवस नेला होता आणि रविवारी आणून दिला होता. तो शेडमध्ये शिरला तेव्हा तिन्ही गोळ्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. ऑरिनने त्याला बसायलाही सांगितलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी नेलेल्या आणि एक पायरी मोडून परत आलेल्या शिडीपासून त्याने सुरुवात केली, मग गेल्या उन्हाळ्यातल्या पंपावर आला, आणि डायपाशी पोचेपर्यंत त्याचा आवाज बाहेर कुंपणापर्यंत जात होता.

"धुऊन, पुसून, तेल लावून दिली होती," डेल्मर म्हणाला. "तूच आत बोट फिरवून बघितलंस रविवारी."

"बोटाला काय कळतं?"

"चाळीस वर्षं तर कळत होतं."

ऑरिनने प्रेसच्या दांड्यावर हात आपटला. "शनिवारी तू तुझ्या गाडीने जा. माझ्या गाडीत जागा नाही."

एकोणीस वर्षं ते दोघे एकाच गाडीतून जात होते. डेल्मर टोपी घालून दाराकडे वळला, आणि जाता जाता त्याने कॉफीच्या डब्यातून, अजून न दाबलेल्या गोळ्यांतली एक उचलली. उजेडात धरली. खिशातला चाकू काढून तिच्या अंगाला टोकाने कोरलं. वर्तमानपत्रावर एक करडा कण पडला. चाकूचं पातं त्यावर दाबून त्याने ओढलं, तेव्हा दात शिरशिरतील असा करकर आवाज झाला.

मग तो शिसं वितळवायच्या भांड्यापाशी गेला. थंड झालेल्या शिशावर करड्या खड्यांचा जाड थर बसला होता.

"हे काय घातलंयस?"

ऑरिन तावातावाने सांगू लागला. वर असं पांघरूण असलं की शिशाला हवा लागत नाही, मळी धरत नाही, सगळे करतात, मासिकातसुद्धा आलं होतं. आणि विकत कुठे आणलंय, घरातच पडून होतं. त्याने बाकाखालून पिशवी ओढली, तोंडाला लावलेला कपड्यांचा लाकडी चिमटा काढून खिशात टाकला आणि पिशवी उघडून दाखवली. मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालतात ती भाजलेली माती. अर्धी पिशवी शिल्लक होती.

डेल्मरने पिशवीवरचं मांजराचं चित्र बघितलं. ऑरिनची बायको अर्डिस जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्यामागे तीन महिन्यांत तिचं मांजरही गेलं होतं.

"पळी बुडवलीस की चार खडे बरोबर येतात," तो हळू म्हणाला. "ते गोळीच्या अंगात रुतून बसतात. किती दाबल्यास रविवारपासून?"

"साठ, या तीन धरून."

"मग साठ वेळा कानस मारलीस, ऑरिन. तुझ्याच हाताने."

ऑरिनने कोरलेली गोळी घेतली, बघितली, आणि भिंतीवर फेकून मारली. ती पत्र्यावर आपटून कुठेतरी गडगडत गेली.

"मला ते मांजर कधीच आवडलं नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. त्यालाही तू आवडत नव्हतास."

जाताना डेल्मरने सांगितलं की तो उद्या आपलं स्वच्छ शिसं घेऊन येईल. साच्यातून निघतील तशाच गोळ्या केकच्या भांड्यात उभ्या करू, वंगण पातळ करून ओतू आणि थिजलं की एकेक कापून काढू. डाय नव्हती तेव्हा त्यांचे बाप तसंच करायचे. भांडं अर्डिसचं असेलच घरात.

"तिच्या भांड्याला हात लावायचा नाही."

"बरं. माझ्या बायकोचं आणतो." दारात तो थांबला. "शनिवारी पाचला तयार असेन. हॉर्न वाजवू नकोस, कुत्रं भुंकत सुटतं."

त्याची गाडी रस्त्याला लागेपर्यंत ऑरिन जागचा हलला नाही. मग त्याने ती पिशवी काखेत मारली, तरातरा बाहेर कचऱ्याच्या पिंपापाशी गेला, झाकण लाथेने उडवलं आणि पिशवी पिंपावर धरली. वाऱ्याने थोडी माती त्याच्याच तोंडावर आली. त्याने मांजराला शिव्या दिल्या, मासिकाला दिल्या, डेल्मरला तर सगळ्यात जास्त दिल्या, कारण त्याचं खरं होतं. हात भरून आले तरी पिशवी तशीच धरलेली होती.

शेवटी त्याने ती खाली घेतली, गुडघ्यावर टेकवून तिचं तोंड दोनदा नीट दुमडलं, अर्डिस दुमडायची तसं, आणि खिशातला चिमटा काढून पुन्हा लावला.