छापखान्याचं अक्षर

“हे कुणाचं अक्षर?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

बाई वरच्या कोर्टाकडून तुरुंगाच्या कचेरीत तपासणीला आल्या होत्या. कच्चे कैदी तारखेला कोर्टात पोचत का नाहीत, एवढंच त्यांना बघायचं होतं. समोर एकाच कैद्याची फाईल, आत एकसष्ट अहवाल. एकसष्ट तारखा, आणि प्रत्येक कागदावर तीच ओळ : ‘पोलीस पहारा उपलब्ध नसल्याने आरोपीस हजर करता आले नाही.’ अक्षर इतकं देखणं, की वाईट बातमीसुद्धा दोनदा वाचावीशी वाटावी.

“माझंच आहे, मॅडम,” कारकून म्हणाला. निवृत्तीला चार महिने उरले होते. खोटं बोलायची आता तशी गरज नव्हती, पण सवय होती.

“मग हीच ओळ इथं लिहून दाखवा.”

त्यानं लिहिली. कागदावर कोंबडीचे पाय उमटले. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला एक माणूस उठला. बोटांना शाई, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा. अख्खा तुरुंग त्याला छापखाना म्हणायचा.

“अक्षर माझं आहे, मॅडम.”

“तुम्ही इथं नोकरीला आहात?”

“नाही, कैदी आहे.”

“आणि ही फाईल ज्याची आहे, तो कुठाय?”

“मीच तो.”

यात कारस्थान वगैरे काही नव्हतं; तेवढी अक्कल त्या कचेरीत कुणाला नव्हती. रोज चाळीस जणांच्या तारखा असायच्या आणि पोलिसांच्या गाडीत जागा बारा. वरचे साहेब उंटावरून शेळ्या हाकायचे. कुणाला बसवायचं ते कारकुनानं ठरवायचं. ज्यांचे वकील फोन करत ते जात. जे बोंबलत ते जात. छापखान्याला वकीलही नव्हता आणि तोंडही नव्हतं. शिवाय तो गेला, तर राहिलेल्यांचे अहवाल लिहिणार कोण? “तुझं बघू रे पुढच्या खेपेला,” कारकून म्हणायचा. छापखाना मान हलवायचा, इतरांचे अहवाल लिहायचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा. आरोप काय, तर चोरीचा पंप विकत घेतला. सिद्ध झाला असता तरी तीन वर्षांच्या वर शिक्षा नव्हती. त्याला आत येऊन सहा वर्षं झाली होती.

बाहेर त्याची एक आई होती, बाकी कुणी नाही. तुरुंग तिला लांब पडायचा आणि तिचे गुडघे गेलेले. कोर्ट मात्र घरापासून चालत जाण्यासारखं. म्हणून मुलगा डोळ्यांनी बघायचा, तर तारखेलाच. दर तारखेला ती सकाळीच जाऊन बसायची. संध्याकाळी गाडीतून परतलेले कैदी सांगायचे, “आली होती रे तुझी आई.” तेवढ्यावर छापखान्याचा महिना निघायचा.

दोन वर्षांपूर्वी तो निरोप यायचा थांबला. गेली असेल बिचारी, असं कारकुनानं मनाशी धरलं. विचारायची छाती झाली नाही. तेव्हापासून छापखान्याच्या पेनाची कुरकुर त्याच्या कानातून जाईना. जेवताना ऐकू यायची, दाढी करताना ऐकू यायची. बायको म्हणायची, “अहो, एकदा कान तरी दाखवून या.” कानात काही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला भीती वाटायची, एवढंच.

बाईंनी फाईल मिटली. “उद्याच्या गाडीत पहिले हे बसतील. आदेश मी आत्ताच काढते. तुम्ही तीन वर्षांपूर्वीच बाहेर असायला हवं होतं. उद्या संध्याकाळी घरी असाल.”

कारकुनानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. छापखाना जागचा हलला नाही.

“एवढ्या वर्षांत एकदाही तक्रार का केली नाहीत?” बाईंनी विचारलं.

“आईनं केली होती, थेट मंत्र्यांकडे. माझ्या मुलाला मुद्दाम कोर्टात आणत नाहीत म्हणून. सरकारी काम, सहा महिने थांब. अर्ज फिरत फिरत शेवटी याच टेबलावर आला. आमचे हे कारकून भाऊसाहेब म्हणाले, उत्तर लिही.”

“आणि तुम्ही लिहिलंत?”

“सगळ्यांना लिहितो तेच. ‘चौकशी केली. तक्रारीत तथ्य आढळले नाही.’”

कारकुनाला तो कागद आठवेना. गठ्ठ्यातला एक असणार. सही मात्र त्याचीच असणार, न वाचता केलेली.

“अहो, पण स्वतःच्या आईला असं लिहायला तुमचा हात कसा धजला?”

“मला आनंद झाला होता, मॅडम. पाटीवर हात धरून तिनंच मला लिहायला शिकवलंय. म्हटलं, मजकूर सरकारचा असला तरी अक्षर बघून तिला कळेल, पोरगा जिवंत आहे. मी तर जरा जास्तच सुबक काढलं.”

बाईंचा आवाज खाली आला. “आई आहे ना अजून?”

“आहे, चांगली ठणठणीत आहे. आमच्या गल्लीतला एक जण परवा आत आला, त्यानं सांगितलं. ती सगळ्यांना म्हणते, एवढी वर्षं मी उगाचच कोर्टात जाऊन बसले; त्याला यायचंच नव्हतं, त्यानं स्वतःच्या हातानं लिहून कळवलंय.”