चोरओटी

"नको आई. मी नाही बसणार पाटावर," कांचन म्हणाली आणि खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली.

मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, बैठकीच्या खोलीत, पाट मांडून झाला होता. ताटात नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळद-कुंकवाचा करंडा. चोरओटी तिसऱ्या महिन्यात, गुपचूप भरायची, म्हणून नवऱ्याला, आदेशला, सकाळीच ऑफिसात पिटाळलं होतं. सगळी तयारी कांचनच्या सासूबाईंनी, वसुधाबाईंनी केली होती. ओटी भरायला मात्र अमौसीहून कांचनच्या मैत्रिणीला, लताला बोलावलं होतं, कारण यजमान हरिहरराव गेल्यापासून वसुधाबाईंनी कुणाला कुंकू लावलं नव्हतं. ताट लताच्या हाती देऊन त्या आपणहून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अशा वेळी कुठे उभं राहायचं हे बायकांना कुणी सांगावं लागत नाही.

"अरे यार कांचन, असं काय करतेस?" लता म्हणाली. ती जन्मापासून लखनऊची, तिचं मराठी घरापुरतंच. "कलची सोनोग्राफी तो अच्छी आली ना? मग डर कशाचा?"

"ओटी भरली आणि पुन्हा रिकामी झाली तर?"



याआधी दोनदा असंच झालं होतं, तिसरा महिना लागायच्या आत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "तुमच्या शरीराची चौकीदारी जरा जास्तच सख्त आहे. बाळ निम्मं नवऱ्याचं, म्हणजे शरीराच्या लेखी परकं. बाकीच्यांचं शरीर त्याला राहू देतं, तुमचं बाहेर काढतं." तेव्हापासून कांचन स्वतःच्याच अंगाला भ्यायला लागली होती. रोजच्या इंजेक्शनांनी पोट निळं-जांभळं झालं होतं. शरीर आपलं, आणि त्याच्यापुढे आपलं एवढंही चालू नये, याचा तिला संताप यायचा.

वसुधाबाई दारातून पुढे आल्या.

"चौकीदाराची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"मीही घेतली."

सासू-सुनेची ही एक गोळी सारखी होती. नाश्त्याच्या टेबलावर दोघी ती बरोबरच घ्यायच्या, चौकीदाराला झोपवायला.

"इकडे ये. हात दे," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर बाजूला केला, निऱ्या थोड्या खाली सारल्या आणि कांचनचा तळवा आपल्या ओटीपोटावर, उजव्या अंगाला, जुन्या टाक्यांच्या व्रणावर ठेवला.

व्रणाखाली काहीतरी होतं. कणकेच्या गोळ्याएवढं, घट्ट, गरम.

"हे काय?"

"हे तुझे सासरे."

लताने ताट टेबलावर ठेवून दिलं.

हरिहररावांनी बायकोला किडनी दिली होती हे कांचनला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण किडनी म्हणजे पाठीत कुठेतरी, असंच ती धरून चालली होती. "पाठीत नाही बसवत गं, इथे पुढे बसवतात," वसुधाबाई म्हणाल्या. "त्यांना गोमतीकाठी नेलं, आदेशनं अग्नी दिला. एवढे इथे राहिले. अजून काम करतायत, सुट्टी म्हणून नाही."

कांचनला हात उचलवेना. सासरे गेले त्या दिवशी तिने त्यांच्या पायांना हात लावला होता. ते थंडगार होते. आणि त्याच माणसाचा हा एवढा भाग तिच्या तळव्याखाली ऊबदार होता.

"माझं शरीरही त्यांना बाहेर काढायलाच निघालं होतं," वसुधाबाई सांगत होत्या. "पहिल्या महिन्यात दोनदा ताप, दोनदा ऍडमिट. घर वेगळं, रक्त वेगळं, परका माणूस. मग हळूहळू राहिला. का राहिला, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही. आता तुझं बाळ राहीलच असं मी म्हणत नाही. मला काय कळतंय त्यातलं? पण परकं राहू शकतं, एवढं मला माहीत आहे."

कांचन थक्क होऊन ऐकत होती. आपलंच का राहत नाही, एवढंच ती आजवर विचारत आली होती. पण मग बाकीच्यांचं तरी कसं राहतं? जगातली प्रत्येक आई एक अर्धा परका जीव पोटात ठेवून घेते, आणि हे रोज, गल्लोगल्ली, कुणाच्या लक्षातही न येता चाललेलं असतं. तिचा दुसरा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला, आणि आज पहिल्यांदाच तिला त्या पोटाचा राग आला नाही.

ती पाटावर बसली. लता खुश होऊन ताट उचलायला धावली.

"लता, ताट आईंना दे."

"वेडी आहेस का?" वसुधाबाई दोन पावलं मागे सरल्या. "मी कशी भरू? मी..."

"बाबा आहेत की. मी आत्ता हात लावला त्यांना."

लताने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग ताट वसुधाबाईंच्या हातात दिलं आणि दुपट्टा डोक्यावर ओढून घेतला.

वसुधाबाई सावकाश खाली बसल्या. त्यांनी सुनेला हळद-कुंकू लावलं. कांचनने पदर पसरला. त्यांनी नारळ उचलला, पण तो हातातच राहिला. संसारात जितक्या पूजा झाल्या, तितक्या वेळा हरिहरराव पुढे बसले होते आणि वसुधाबाईंनी शेजारी बसून त्यांच्या हाताला हात लावला होता.

डावा तळवा त्यांनी आपल्या उजव्या अंगाच्या व्रणावर ठेवला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्या हाताला हात लावा."