मुठीवरचा मोर

"दरबारातलं रिव्हॉल्व्हर आहे, मिस्त्री," इनामदार म्हणाले. "मुठीवरचा मोर बघा. खरंच जुनं आहे ना, तेवढं सांगा आणि गंज काढून द्या."

मी स्क्रू काढून शिसवी मूठ उतरवली. आतल्या बाजूला 'शालन' कोरलेलं होतं. माझ्या बायकोचं नाव, माझंच अक्षर.

लग्नाच्या वर्षी तो मोर मीच कोरला होता. वस्तादांनी मूठ उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "तुझ्या हातात कला नाही. ही भट्टीत टाकतो. तू आपलं पुसायचं काम कर." तेव्हापासून मी बंदुका पुसतोय.

"हे कुणाकडून घेतलंत?"

"वडिलांनी घेतलं, तुमच्याच वस्तादांकडून. असा कोरणारा हात आता मिळायचा नाही."

"नाही मिळायचा," मी म्हणालो आणि फडकं तेलात बुडवलं.