आमेनच्या आधी

"हिनं आमेन कव्हय यी, देवलेच माहीत," निंबाआबा डोळे मिटूनच शेजारच्याच्या कानाशी पुटपुटले.

कोकिळाबाईनं ते ऐकलं. तिच्या पाठीशीच तर बसले होते. तिनं आवाज चढवला नाही, उलट आणखी सावकाश केला. "आणि बापा, यंदा नागली बरी आली, त्याबद्दल तुझे आभार. शेळी सुखरूप व्याली, त्याबद्दल आभार."

तिच्यापुढं खाटेवर रुपचंदभाऊ पडले होते. गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, आसपासच्या पाड्यांना बायबल वाचून दाखवणारा माणूस. सकाळी उपासना चालू असतानाच त्यांच्या छातीत धरलं. बनियन घामानं भिजलं, डावा हात उचलेना. मुलानं, रोहिदासनं, पिकअप दारात आणून लावली होती. साक्रीत थांबायचंच नाही, सरळ धुळे गाठायचं, असं त्यानं ठरवलं होतं. इंजिनही बंद केलं नव्हतं. पण रुपचंदभाऊंच्या घरातून प्रार्थनेशिवाय कुणी गावाबाहेर पडत नाही. आणि प्रार्थनेला त्यांनी नाव घेतलं ते कोकिळाबाईचं.

"तिला बोलवा. देव तिचं ऐकतो."

गावात सगळेच तसं म्हणत. शीतल, तिची एकुलती लेक, गेल्यापासून ती रोज पहाटे चुलीपाशी गुडघे टेकायची. चहाच्या आधी, भाकरी थापायच्या आधी. लोकांना वाटे, केवढी ही भक्ती. आत काय चाललेलं असे ते देवालाच ठाऊक. दोघांत रोज एकाच माणसाचा विषय निघायचा. ती म्हणायची, बापा, मी त्याला हात लावणार नाही, तो तू लाव. आणि तू कामाच्या गर्दीत विसरशील, म्हणून उद्या पुन्हा येते.

आज त्याच माणसाच्या कपाळावर तिचा हात होता.

मंडळीचा नियम साधा होता. ज्यानं प्रार्थना धरली, त्यानंच आमेन म्हणायचं, आणि त्याआधी कुणी जागचं हलायचं नाही. नियम रुपचंदभाऊंनीच घालून दिलेला. शीतलचं अंग तव्यासारखं भाजत होतं, आईलासुद्धा ओळखेना, तेव्हा दवाखान्यात न्यायला म्हणून कोकिळाबाई त्यांच्या प्रार्थनेतून मध्येच उठली होती. रुपचंदभाऊंनी एक हात पोरीच्या कपाळावर ठेवला होता. दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरून त्यांनी तिला खाली बसवलं. "विश्वास धर, बाई. आमेनच्या आधी उठू नये." ती बसली. प्रार्थना मोठी सुंदर झाली. संपली तेव्हा पोरीचं अंग गार लागलं. "ताप उतरला, प्रभूची स्तुती असो," असं निंबाआबाच म्हणाले होते.

मग सगळे म्हणाले, देवाची इच्छा. माती देताना म्हणाले, स्मरणाच्या उपासनेत म्हणाले. त्यापुढचं वाक्य कुणाच्याच तोंडून निघालं नाही. तिच्याही नाही.

"आणि बापा, हा डांबरी रस्ता दिलास, त्याबद्दल आभार," कोकिळाबाई म्हणाली. "दुखणाईत माणूस वेळेत साक्रीला पोचतो. तेव्हाही पोचला असता, हे तुला माहीत आहे."

कुणीतरी उगीच खाकरलं. रोहिदासनं डोळे उघडले. "मावशी, आता बस—"

रुपचंदभाऊंनी उजवा हात जरासा उचलून त्याला गप्प केलं. ओठ निळसर पडले होते, पण नियम तो नियम.

दुसऱ्या एखाद्या दिवशी कोकिळाबाईला याचं हसू आलं असतं. तळव्याखाली कपाळ चिकट लागत होतं. म्हातारपणी कपाळाचं हाड असं वर येतं. तिच्या बापाचंही शेवटी असंच लागायचं. आमेन जिभेवर आलं. तिनं ते दातांमागं धरून ठेवलं. पहाटे चुलीपाशी देव अगदी मांडीला मांडी लावून बसलेला वाटे. आता तो कुठं आहे, तेच कळेना. बहुधा तोही डोळे मिटून इतरांसारखा वाट बघत असावा.

"तुन्हा पाया पडस, कोकिळा," रुपचंदभाऊंची बायको द्रौपदाबाई पायथ्याशी हुंदका दाबत म्हणाली. "म्हन ना आमेन."

"द्रौपदाअक्काबद्दलही आभार, बापा. त्या दिवशी तिनंही असेच घट्ट डोळे मिटले होते."

हुंदका थांबला.

"आणि खाटेवरच्या तुझ्या या लेकराच्या मनात काही अडलं असेल, तर तेही तुझ्यापुढं येऊ दे. घाई नाही. आम्ही सगळे बसलेलो आहोत."

बाहेर पिकअप धडधडत होती.

रुपचंदभाऊंनी डोळे उघडले. प्रार्थना चालू असताना त्यांना डोळे उघडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी वर आढ्याकडं नाही, कोकिळाबाईकडं पाहिलं. श्वास तुकड्यातुकड्यानं येत होता.

"देवानं नाही नेली तुझी शीतल," ते म्हणाले. "मी मारली. गार पडत चालली होती, हाताला कळत होतं मला. सगळे ऐकत होते, म्हणून थांबलो नाही."